प्रवासी क्रेडिट कार्डं: ६ डॉलरपासून ८९५ डॉलरच्या फीपर्यंत

२०२५ च्या जूनमध्ये चेस बँकेने अमेरिकेत आपल्या ‘सफायर रिझर्व्ह’ कार्डाची वार्षिक फी ५५० वरून ७९५ डॉलर केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकन एक्सप्रेसने (अमेक्स) ‘प्लॅटिनम’ची फी ६९५ वरून ८९५ वर नेली. सोबत लाभांची बेरीजही जाहीर झाली: चेसचा आकडा २,७०० डॉलरच्या वर, अमेक्सचा ३,५०० च्या वर. दोन्ही बेरजा कागदावर बरोबर आहेत, मात्र त्या पूर्ण वसूल करणारा ग्राहक विरळा. या कार्डांची तुलना करताना गोंधळ होतो तो इथेच. यातला प्रत्येक लाभ वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने आला आणि त्याचा खर्च दर वेळी वेगळ्याच कोणीतरी उचलला आहे.

सुरुवात १९५० मधली. फ्रँक मॅकनमारा यांच्या डायनर्स क्लबने न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटांकडून बिलाच्या ७ टक्के कमिशन घ्यायला सुरुवात केली. ग्राहक महिनाअखेरीस सगळी रक्कम चुकती करायचा, त्यामुळे व्याजाचा प्रश्नच नव्हता. १९५८ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने आपलं कार्ड आणलं तेव्हा वार्षिक फी मुद्दाम डायनर्सपेक्षा १ डॉलर जास्त ठेवली, ६ डॉलर. महाग म्हणजे प्रतिष्ठेचं, हे गणित तेव्हापासूनचं आहे. १९८४ मध्ये केवळ निमंत्रितांसाठी आलेल्या प्लॅटिनमची फी २५० डॉलर होती.

मैलांचा धागा या सगळ्यापासून वेगळा सुरू झाला. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतली विमानभाडी सरकारी नियंत्रणातून सुटली आणि विमान कंपन्यांत भाड्यांची लढाई जुंपली. नेहमीचा प्रवासी आपल्याकडेच राहावा म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘एअॅडव्हांटेज’ सुरू केलं: जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट. पहिले सभासद शोधायला आपल्या सेबर आरक्षण यंत्रणेत वारंवार दिसणारे फोन नंबर वापरले. युनायटेडने काही दिवसांतच तशीच योजना काढली. रिकामी जाणारी सीट फुकट दिली तर कंपनीला जवळजवळ काहीच तोशीस पडत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

दोन्ही धागे जुळले ते १९८६-८७ मध्ये. आधी कॉन्टिनेंटल या विमान कंपनीचं आणि लगेच सिटीबँकेचं अमेरिकन एअरलाइन्ससोबतचं कार्ड आलं. बँक विमान कंपनीकडून मैल घाऊक विकत घेऊ लागली आणि ग्राहकाला खर्चावर देऊ लागली. वरवर साध्या दिसणाऱ्या या व्यवहाराने विमान कंपन्यांचं अर्थकारण बदललं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मैल-योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. सावकाराला विमानांपेक्षा मैल खात्रीचे वाटले!

अमेक्सला पॉइंटकडे वळावं लागलं ते अडचणीमुळे. १९९१ मध्ये बॉस्टनच्या रेस्टॉरंट मालकांनी तिच्या चढ्या कमिशनविरुद्ध बंड केलं. त्याच वर्षी तिने ‘मेंबरशिप माइल्स’ आणलं, तेच पुढे ‘मेंबरशिप रिवॉर्ड्स’ झालं. एकाच विमान कंपनीचे मैल देण्याऐवजी बँकेचे स्वतःचे पॉइंट द्यायचे आणि ते कुठल्या कंपनीत न्यायचे हे ग्राहकाने ठरवायचं, अशी ही रचना. आजच्या बहुतेक महागड्या प्रवासी कार्डांचा पाया हाच आहे. दुकानदारांचा जुना राग मात्र शमला नाही. ग्राहकाला स्वस्त कमिशनच्या कार्डाकडे वळवायला अमेक्स दुकानदारांना मनाई करते, या नियमावरचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अमेक्सच्या बाजूने निकाल दिला.

हा सगळा डोलारा इंटरचेंजवर, म्हणजे प्रत्येक व्यवहारात दुकानदाराच्या बाजूकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाणाऱ्या कपातीवर उभा आहे. अमेरिकेत महागड्या क्रेडिट कार्डांवर ती २ टक्क्यांच्या आसपास असते. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांसाठी ती ०.३ टक्क्यांवर बांधली. १०० डॉलरच्या खरेदीवर २ डॉलर हाती येत असतील तर त्यातून पॉइंट वाटता येतात, ३० सेंटमधून कसे वाटणार? अमेरिकेतल्यासारखे घसघशीत बोनस युरोपात दिसत नाहीत, त्याचं मोठं कारण हेच.

ऑगस्ट २०१६ मध्ये सफायर रिझर्व्ह आलं. फी ४५० डॉलर. तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले की १ लाख पॉइंट. बँकेच्या पोर्टलवर, म्हणजे प्रवास बुक करायच्या तिच्या वेबसाइटवर, एक पॉइंट दीड सेंटला चालायचा, म्हणजे नुसता स्वागत बोनसच १,५०० डॉलरच्या प्रवासाइतका. वर कुठल्याही प्रवासखर्चावर आपोआप वळते होणारे ३०० डॉलर. शिवाय ते कॅलेंडर वर्षानुसार मिळत, त्यामुळे डिसेंबरात ३०० आणि जानेवारीत पुन्हा ३०० असे दोनदा हाती लागले. मागणी इतकी की कार्ड बनवायचा धातूच कमी पडला. रेस्टॉरंटमध्ये १ डॉलरला ३ पॉइंट, दीड सेंटच्या हिशेबाने साडेचार सेंट; इंटरचेंजपेक्षा दुप्पट देणं. बाकीच्या खर्चावरचा डॉलरला एकच पॉइंट हा दर, फी आणि थकबाकीवरचं व्याज यांतून ही तूट भरून निघेल, असा डाव होता. पण आलेले लोक हिशेबी निघाले. चौथ्या तिमाहीचा नफा या कार्डामुळे २० ते ३० कोटी डॉलरने घटेल, असं चेसचे प्रमुख जेमी डायमन यांनीच सांगितलं. २०१७ च्या सुरुवातीला बोनस निम्मा झाला आणि मे महिन्यात नव्या अर्जदारांसाठी ३०० डॉलरचं वर्ष कार्ड घेतल्याच्या तारखेपासून मोजलं जाऊ लागलं.

त्या धड्यातूनच आजची ‘कुपन’ पद्धत फोफावली. लाभ मोठा दाखवायचा आणि तुकडे करून द्यायचा. प्लॅटिनमवर उबरचे वर्षाला २०० डॉलर आहेत. मिळतात महिन्याला १५, डिसेंबरात ३५. न वापरलेले पुढच्या महिन्यात जात नाहीत. जानेवारी ते जून असे सहाच महिने टॅक्सी घेणाऱ्याच्या पदरात २०० नव्हे, ९० पडतात. त्याच कार्डावरचे विमान कंपनीसाठीचे २०० डॉलर तिकिटाला लागू नाहीत. आधी एक कंपनी निवडून ठेवायची आणि बॅग, सीट अशा किरकोळ शुल्कांवरच ते वळते होतात. २०२५ च्या नव्या सफायर रिझर्व्हमध्ये निवडक हॉटेलांसाठीचे ५०० डॉलर सहामाहीला २५० असे विभागून आले, तेही आगाऊ पैसे भरून किमान दोन रात्रींच्या मुक्कामावर.

म्हणून तुलना करताना आधी फीमधून फक्त तीच रक्कम वजा करावी जी कार्ड नसतानाही खर्च झालीच असती. सफायर रिझर्व्ह: ७९५ वजा ३०० म्हणजे ४९५, आणि उरलेल्या कुपनांना निम्म्याहून जास्त किंमत देऊ नये. कॅपिटल वनचं ‘व्हेंचर एक्स’ नोव्हेंबर २०२१ मध्ये ३९५ डॉलर फीने आलं. त्यात पोर्टलवरच्या प्रवासाचे ३०० डॉलर आणि दर वर्धापनदिनाला १०,००० मैल; मैल १ सेंटचा धरला तरी फी फिटते. अट एकच, बुकिंग त्यांच्याच पोर्टलवरून हवं. पोर्टलवरून घेतलेल्या हॉटेलच्या खोलीवर बहुधा हॉटेलच्या सभासदत्वाचे पॉइंट मिळत नाहीत, आणि उड्डाण रद्द झालं की विमान कंपनी पोर्टलकडे बोट दाखवते. हा मनस्ताप जाहिरातीच्या बेरजेत नसतो.

या कार्डांवर मिळणाऱ्या लाउंजची, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षांची, गोष्ट कार्डांहून जुनी. अमेरिकन एअरलाइन्सचा पहिला अॅडमिरल्स क्लब १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर निमंत्रितांसाठी उघडला. अनेक विमानतळांवरच्या लाउंजमध्ये प्रवेश देणारा प्रायॉरिटी पास १९९२ चा, तर अमेक्सचं पहिलं सेंच्युरियन लाउंज २०१३ मध्ये लास वेगासला सुरू झालं. कार्डं वाढली, खुर्च्या तेवढ्या वाढल्या नाहीत. दारात रांगा लागू लागल्यावर अमेक्सने फेब्रुवारी २०२३ पासून प्लॅटिनमधारकाचे पाहुणे फुकट नेणं बंद केलं. वर्षाला ७५,००० डॉलर खर्च करणाऱ्यालाच ती सवलत उरली. कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने लाउंजच्या यादीपेक्षा पाहुण्यांचा नियम आधी वाचावा.

पॉइंटच्या किमतीबाबतही तसंच. विमान कंपनीत वळवलेले पॉइंट परत घेता येत नाहीत, म्हणून सीट मिळतेय याची खात्री झाल्यावरच वळवावेत. एखादी सीट भागीदार कंपनीच्या वेबसाइटवर दिसते आणि बुक करताना गायब होते, हा प्रकार नेहमीचा आहे. अनेक कंपन्यांनी ठरावीक दरांचे तक्ते काढून टाकले असून मैलांतली किंमत भाड्याबरोबर हलते. चेसचा दीड सेंटचा सरसकट दरही २०२५ मध्ये गेला आणि निवडक बुकिंगनाच वाढीव दर उरला. जुन्या कार्डधारकांनी २६ ऑक्टोबर २०२५ पूर्वी कमावलेले पॉइंट मात्र ऑक्टोबर २०२७ पर्यंत दीड सेंटनेच वापरता येतात.