किल्ला दाखवला म्हणजे इतिहास शिकवला का?

सोलापुरात सराव पाठाला निघालेल्या डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) छात्राध्यापकांना विचारा, इतिहासाच्या तासाला वारसा कसा आणणार? बहुतेक जण म्हणतील, ‘पोरांना भुईकोट किल्ला दाखवू.’ उत्साह खरा, अडचणीही खऱ्या: तास आखूड, वर्ग मोठा, परवानगीचे कागद वेगळेच. मला मात्र त्यांचं पाठाचं टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, खटकतं. त्यात ‘इतिहास’ आणि ‘वारसा’ बिनदिक्कत एकमेकांच्या जागी लिहिलेले असतात.

इतिहास विचारतो, काय घडलं आणि कशावरून? वारसा म्हणजे मागच्यांनी दिलेलं, आपण जपायचं ठरवलेलं.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा घ्या. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, ही कथा चौथीतल्या पोराला घरूनच ठाऊक असते. काका काठी धरणारा असेल तर विचारूच नका. हा जिवंत वारसा. कथा ‘घडलेली घटना’ म्हणून फळ्यावर लिहिली की इतिहासाचा तास बिघडला. ‘दंतकथा’ म्हणून झटकली, तर पोर दुखावलं, संध्याकाळी पालक दारात. नवशिके या विषयाला हात घालायला बिचकतात ते उगाच नाही. पण सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतले संत; त्यांची वचनं, म्हणजे भक्तिपर रचना, कन्नडमध्ये आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी पोरं एकाच बाकावर बसतात त्या वर्गात नुसतं विचारा, ‘वचनं कन्नडमध्ये का बरं?’ कथा जागच्या जागी राहते आणि चर्चा पुराव्याकडे वळते.

स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं उलट आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. खटला, तारखा, सगळं कागदोपत्री, हा इतिहास. चौकातले पुतळे आणि त्यांना पडणारे हार हा वारसा. फाशी का झाली, हा एक प्रश्न; पुतळे कोणी आणि का उभारले, हा दुसरा. दुसरा प्रश्न मी अजून एकाही टाचणात पाहिलेला नाही.

आणि वारशासाठी दरवेळी बस कशाला हवी? इथली जुनी गिरणी १८७७ ची. कामगारांची नातवंडं आपल्याच वर्गात बसलेली असतात. आजीनं ट्रंकेत जपलेला आजोबांचा गिरणीचा पास एखाद्यानं आणला, तर तो वारसा. त्यावर खातं कोणतं, पाळी कोणती, हे पोरं वाचायला लागली की इतिहासाचा तास सुरू झाला.