शेतकऱ्याचे मन आणि महसूलची फाईल

मार्च 1986 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवले. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे चर्चा कापसाच्या भावाची, कर्जाची आणि पावसाची झाली. 1982 चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर होता, पण वऱ्हाडातल्या खेड्याशी त्याचा संबंध आला नाही. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथली. म्हणजे यवतमाळच्या माणसाला झोप लागेना म्हणून दीडशे किलोमीटर जायचे, तेही ‘वेड्याच्या दवाखान्यात’. कोण जाणार?

2005-06 मध्ये शेतकरी आत्महत्यांवर मुंबईतल्या दोन संशोधन संस्थांचे अहवाल आले, एक उच्च न्यायालयासाठी आणि दुसरा शासनासाठी. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. पण मनाच्या प्रश्नावर सर्वांत खोल परिणाम केला तो त्याच सुमाराच्या एका महसुली निर्णयाने. मृताच्या वारसांना एक लाख रुपये द्यायचे: 30 हजार हातात, 70 हजार मासिक प्राप्तीच्या ठेवीत. त्यासाठी आत्महत्या ‘पात्र’ ठरली पाहिजे. पात्रतेची कारणे ठरवून दिलेली होती: नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा. कर्जही बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे.

ही अट पैशाच्या हिशेबाने समजू शकते. सरकारी तिजोरीतून मदत जाणार तर निकष लागणारच. पण फाईल कशी बनते ते पाहा. पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, सातबारा, सोसायटीची थकबाकीची नोटीस, घरच्यांचे जबाब, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची बैठक. जबाबात विधवा बोलून गेली, की ते दोन महिन्यांपासून जेवत नव्हते, रात्रभर ओट्यावर बसायचे, दारू वाढली होती, तर कारणाच्या रकान्यात ‘व्यसन’ किंवा ‘घरगुती वाद’ पडण्याची भीती. असा एक शब्द पडला की फाईल अपात्र. गावात हे लवकरच सगळ्यांना कळले. ‘दारूचं नाव काढू नको, नोटीस तेवढी दाखव,’ हा सल्ला जाणते लोक देऊ लागले, आणि तो चुकीचा नव्हता. मक्त्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, खासगी देण्याला पावती नाही; त्यांची गत आणखी वाईट.

वास्तविक कर्ज, दारू, झोप उडणे आणि बायकोशी भांडण ही एकाच माणसाच्या एकाच हंगामातली लक्षणे असू शकतात. निकषाने त्यातले एक उचलले आणि बाकीची लपवायला लावली. बाप्या माणूस तसाही मनातले बोलत नाही. फार तर ‘टेन्शन आहे’ म्हणतो. इथे तर तो गेल्यावर घरच्यांनीही बोलू नये अशी सोय झाली. मदतीची रक्कमही 2006 नंतर वर्षानुवर्षे एक लाखच राहिली.

राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार 2022 मध्ये देशात 5,207 शेतकऱ्यांनी आत्महत्या केली, त्यांत 4,999 पुरुष. उरलेल्या 208 स्त्रियांचा आकडा जपून वाचावा. जमीन नावावर नसलेली बाई नोंदीत सहसा गृहिणी होते. तरीही पुरुषांचे पारडे जड आहे हे खरे. त्याच वर्षी सर्व प्रकारच्या आत्महत्यांतही पुरुष सुमारे 72 टक्के होते.

मधल्या काळात कायदा मात्र बदलला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने (अंमल मे 2018 पासून) आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या फौजदारी कायद्यात तर असा प्रयत्न सरसकट गुन्हा उरला नाही. म्हणजे वाचलेल्या माणसाच्या बाबतीत ताण गृहीत, आणि मेलेल्याच्या बाबतीत ताणाचा उल्लेख अडचणीचा.

आरोग्य विभागाने 2015 च्या सुमारास 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा प्रकल्प सुरू केला. आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघरी जातात, ताण आढळला तर पुढे पाठवतात. कल्पना चांगली. पण आशाताई दुपारी दारात उभ्या राहतात तेव्हा घरधनी शेतात असतो, आणि ‘त्यांना झोप लागते का?’ याचे उत्तर बायको किंवा आई देते. 2022 पासून 14416 या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर दिवसरात्र मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. आशाताईंचे कागद आरोग्य विभागाकडे जातात, पंचनाम्याची फाईल महसूलकडे. त्या फाईलवर कारणाचा रकाना अजूनही एकच आहे.