कामगार संघटनांचा निधी (भारत)

कामगार संघटनेचा मुख्य आधार म्हणजे सभासदांची वर्गणी. कार्यालयाचे भाडे, पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे मानधन, कोर्टकचेरी, संपकाळातील मदत हे सारे त्यातूनच भागवावे लागते. भारतात ही वर्गणी कायम तुटपुंजीच राहिली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत काढलेल्या मिलहँड्स असोसिएशनकडे सभासदांची नोंद, निधी आणि नियम यांपैकी काहीच नाही, असा शेरा सरकारी अहवालात आहे. तरीही 1890 मध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. हे यश पैशाच्या बळावर मिळालेले नव्हते, म्हणूनच ते मोठे.

मद्रासमध्ये कापड गिरण्या चालवणाऱ्या बिन्नी कंपनीने बी. पी. वाडिया यांच्यासह मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि 1920 मध्ये हायकोर्टाकडून मनाईहुकूम मिळवला. संघटना आणि तिची गंगाजळी दोन्ही किती असुरक्षित आहेत, हे त्यातून उघड झाले. संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला आणि पुढे 1926 चा ट्रेड युनियन कायदा झाला. सर्वसाधारण निधी कशावर खर्च करावा हे त्याने ठरवून दिले. राजकीय कामावर खर्च करायचा असल्यास त्यासाठी वेगळा निधी ठेवणे आणि दरवर्षी तपासलेले हिशेब निबंधकाकडे देणे बंधनकारक झाले. राजकीय निधीची सक्ती मात्र सभासदावर करता येत नव्हती.

मोठ्या संपापुढे कोणतीच तिजोरी पुरत नाही. मुंबईतील 1928 च्या गिरणी संपात बाहेरून मदत आली, त्यात सोव्हिएत कापड कामगारांनी पाठवलेले पैसेही होते. त्याच वर्षाअखेर गिरणी कामगार युनियनचे सभासद 324 वरून सुमारे 54,000 झाले. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील 1982 च्या संपात जवळपास अडीच लाख कामगार होते. त्यांतल्या अनेकांना तगवले ते कोकण-घाटावरच्या गावाकडील शेतीने.

महाराष्ट्रात वर्गणीच्या पावतीला रकमेपलीकडचे मोल आले ते युनियनच्या मान्यतेसंबंधीच्या 1971 च्या कायद्याने. मान्यतेसाठी आधीचे सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असल्याचे दाखवावे लागे आणि वर्गणी महिना 50 पैशांहून कमी चालत नसे. त्यामुळे प्रतिस्पर्धी युनियनच्या वादात पावतीपुस्तकांवरच झुंज होई. खऱ्या कामगाराची सही आहे का, एकाच माणसाची दोन्ही युनियनकडे पावती आहे का, हे तपासले जाई.

1926 च्या कायद्यातील 2001 च्या दुरुस्तीने किमान वार्षिक वर्गणी ग्रामीण कामगारांसाठी 1 रुपया, इतर असंघटित कामगारांसाठी 3 आणि बाकीच्यांसाठी 12 रुपये ठरवली.