जांघेचं दुखणं : ताणण्यापासून वळण्यापर्यंत

ठाण्याच्या मातीच्या मैदानावरचा कबड्डीतला चढाईपटू असो की घोडबंदर रोडच्या टर्फवर रात्री खेळणारा फुटबॉलपटू, जांघ धरली की पहिला उपाय ठरलेला : पाय फाकवून बसायचं आणि आतली बाजू ताणत राहायची. थोडा वेळ मोकळं वाटतं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ पुन्हा तिथेच.

1980 मध्ये लंडनचे सर्जन जेरी गिलमोर यांनी फुटबॉलपटूंच्या जांघेच्या वरच्या बाजूची इजा शस्त्रक्रियेने दुरुस्त केली आणि 'गिलमोर्स ग्रॉइन' हे नाव रूढ झालं. पुढे स्पोर्ट्स हर्निया, ऑस्टिटिस प्युबिस (जघनास्थीचा दाह) अशी नावांची रांगच लागली. खेळाडू आधी कोणाकडे गेला यावर आजाराचं नाव ठरायचं, असं म्हटलं तरी चालेल. हा घोळ आवरायला 2014 उजाडलं. दोह्यात 14 देशांतले 24 तज्ज्ञ बसले आणि दुखणं दाबून व जोर लावून नेमकं कुठे जागं होतं, त्यावरून नावं ठरली : अॅडक्टर (मांडीच्या आतल्या बाजूचा, पाय आत ओढणारा स्नायू), इलिओसोआस (खुब्यापुढचा, मांडी वर उचलणारा स्नायू), इंग्वायनल (पोट आणि मांडी जुळतात ती बाजू), प्युबिक (जघनास्थी, म्हणजे ओटीपोटाखालचं पुढचं हाड). खुब्याच्या सांध्याचं दुखणं वेगळं धरलं.

उपचारातली खरी कलाटणी मात्र त्याआधीची, 1999 ची. डेन्मार्कच्या पेर होल्मिश यांनी दोन महिन्यांहून जुनं दुखणं असलेल्या 68 खेळाडूंचे दोन गट केले. एकाला लेझर, मसाज, स्ट्रेचिंग. दुसऱ्याला 8 ते 12 आठवडे नुसता व्यायाम. उताणं झोपून, पाय सरळ ठेवून, दोन्ही पावलांत फुटबॉल धरायचा आणि 30 सेकंद दाबायचा, असं 10 वेळा. मग चेंडू गुडघ्यांमध्ये घेऊन तेच. तिसऱ्या आठवड्यापासून कुशीवर झोपून आणि उभ्याने, वजनासह. व्यायामाच्या गटातले 23 जण न दुखता पूर्वीच्या पातळीवर खेळायला लागले, दुसऱ्यातले फक्त 4. गंमत म्हणजे जिंकलेल्या गटाला अॅडक्टर ताणायला सांगितलंच नव्हतं.

कारण साधं आहे. अॅडक्टर स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारा दोर, जघनास्थीला जिथे चिकटतो तिथेच बिनसलेलं असतं. ताणलं की तीच जागा ओढली जाते. कमी पडते ती लांबी नव्हे, ताकद. 2001 मध्ये अमेरिकेतल्या आइस हॉकीपटूंवरच्या अभ्यासात, पाय आत ओढण्याची ताकद बाहेर नेण्याच्या ताकदीच्या 80 टक्क्यांहून कमी असलेल्यांना ही दुखापत होण्याची शक्यता 17 पट निघाली. त्याच वाटेवर कोपनहेगन व्यायाम आला : कुशीवर कोपर टेकून, वरचा पाय जोडीदाराच्या हातात, खालचा पाय वर नेऊन जोडायचा, 3 सेकंद वर, 3 सेकंद खाली. 2019 च्या नॉर्वेतल्या चाचणीत 35 संघांमध्ये जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्के कमी दिसला. आपल्याकडे हा व्यायाम बिघडतो दोन ठिकाणी. जोडीदार नुसता घोटा धरतो आणि गुडघा कुरकुरतो; त्याने दुसरा हात गुडघ्याखाली द्यावा. आणि पहिल्याच दिवशी 15 काढले जातात. 3 ते 5 पुरेत. दुखणं दहापैकी 3 च्या वर गेलं तर गुडघ्यावर आधार घेऊन सोपं करायचं.

ताकद आली तरी काहींचं दुखणं परतायचंच. त्यावर डब्लिनच्या संशोधक गटाने वेगळाच प्रश्न विचारला : 110 अंशात वळताना शरीर काय करतं? धड टेकलेल्या पायाकडे झुकतं, श्रोणी (कमरेच्या हाडांचा सांगाडा) दुसऱ्या बाजूला खचते, पाय जमिनीवर रेंगाळतो. मग धड, श्रोणी आणि पाय यांचा मेळ शिकवण्यावर भर देऊन 205 खेळाडूंना तयार केलं; 73 टक्के न दुखता परतले, सरासरी 9.9 आठवड्यांत.

कबड्डीत हे नजरेनं टिपता येतं. पुरुषांच्या मैदानात बोनस रेषा मध्यरेषेपासून 4.75 मीटरवर. बोनससाठी एक पाय पलीकडे टेकतो, तेव्हा मागचा हवेत हवा. सगळा भार त्या एका पायावर, आणि लगेच उलटं वळायचं. खचतं ते इथेच. मोबाइलवर समोरून स्लो मोशनमध्ये चित्रण करून कमरपट्ट्याची रेघ पाहा : मागच्या पायाच्या बाजूने ती खाली झुकत असेल, तर बोनसचा सराव थांबवून आधी एका पायावरचा स्क्वॉट सुधारायला घ्यावा.