गंगेतून जर्मनीमार्गे इंदूरला

इंदुरात शोभेच्या माशांच्या दुकानात सहा झेब्रा मासे पिशवीत घालून, हवा भरून, रबर बांधून हातात देताना दुकानदार हमखास म्हणतो, "भिया, सब विदेशी माल है." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्याला माल ज्यानं दिला त्यानंही हेच सांगितलेलं असतं. खरं तर निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा हा दीड इंची मासा अस्सल इथला आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली भातखाचरं आणि उथळ ओढे हे त्याचं माहेर. त्याच दुकानात मिळणारे गुलाबी रोझी बार्ब आणि निळ्या-तांबड्या तिरप्या रेघांचे बुटके गोरामीही याच बाजूचे. ते विदेशी कसे ठरले, हाच मासे पाळण्याच्या छंदाच्या इतिहासातला मला सगळ्यात मजेशीर वाटणारा भाग.

या तिन्ही माशांची शास्त्रीय नावं एकाच माणसानं एकाच वर्षी दिली. फ्रान्सिस बुकॅनन हॅमिल्टन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर. काही काळ कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा कारभारही त्याच्याकडे होता. १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर त्याचा ग्रंथ निघाला. त्यात अडीचशेहून जास्त माशांची वर्णनं आहेत. त्याची पद्धत साधी होती. कोळ्याला नाव विचारायचं आणि त्यालाच लॅटिन वळण द्यायचं. म्हणून डॅनिओ, रेरिओ, लालियस, कॉन्कोनियस ही नावं लॅटिन दिसली तरी मुळात बंगाल-बिहारच्या कोळीवाड्यांतली. गोरामीचं जुनं शास्त्रीय नाव कोलिसा, ते बंगाली 'खोलिशा'वरून आलेलं. आरपार दिसणाऱ्या, आतला काटा न् काटा मोजता येईल अशा काचमाशाचं नाव हॅमिल्टननं 'रंगा' ठेवलं. पुढे व्यापाऱ्यांनी याच बिनरंगी माशाला सुईनं रंग टोचून 'डिस्को फिश' म्हणून विकलं. टोचलेला रंग काही महिन्यांत उडतो आणि मासा बहुधा त्याआधीच जातो. असा मासा दिसला तर घेऊ नये, एवढं इथेच सांगून टाकतो.

मासे आपल्याकडे पूर्वी पाळत नव्हते का? माशांना खाऊ घालत, पण घरात आणून ठेवत नसत. अहिल्याबाईंच्या दानधर्मात नदीतल्या माशांसाठीही अन्नाचा वाटा काढलेला असे, असं कंपनीचा अधिकारी जॉन माल्कमनं नोंदवलंय. महेश्वरच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकणारे आजही दिसतात. त्या नात्यात मासा नदीतच राहतो आणि माणूस काठावर.

मासा घरात आणला चिन्यांनी. सोंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, एका करड्या माशातून मधूनच निघणारी सोनेरी-तांबडी पिल्लं वेगळी काढून त्यांचीच पैदास करायला त्यांनी सुरुवात केली. आजचा गोल्डफिश त्यातूनच आला. पण काच नव्हती. मासे तळ्यात नाहीतर मातीच्या मोठ्या कुंड्यांत असत आणि माणूस त्यांना वरून बघे. म्हणून वरून जे शोभेल तेच निवडलं गेलं: दुहेरी शेपटी, बाहेर आलेले डोळे, रुंद पाठ. पुढे मासा बाजूनं दिसू लागला तशी निवडही बदलली. गप्पीच्या शेपटीचा पंखा किंवा एंजल माशाचे लांब पंख कुंडीत वरून बघणाऱ्याला कशाला सुचतील!

काच आली ती इंग्लंडात. काचेवरचा कर तिथे १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची पात आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी चालते, असं मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकानं 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोचवला. वॉरिंग्टनचं म्हणणं होतं की मासा घाण करतो आणि वनस्पती पाणी शुद्ध करते. ते अर्धंच बरोबर होतं. खरं काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. माशांच्या घाणीतला अमोनिया त्यांचा एक गट नायट्राइट करतो आणि दुसरा त्याचं नायट्रेट. हे जिवाणू खडीवर नि गाळणीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून पटापट का मरतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. आपण दोष देतो दुकानदाराला, नाहीतर दृष्टीला.

पैदाशीची खरी गोष्ट मात्र पॅरिसमधली. १८६९ मध्ये चीनमधून तिथे पॅराडाइज फिश पोचले आणि पिएर कार्बोनिए या माणसानं टाकीत त्यांची पिल्लं काढली. एवढ्या लांबच्या जलप्रवासात बाकीचे मासे वाटेतच संपत, मग हे कसे वाचले? या जातीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर नागमोडी पडद्यांचा एक कप्पा असतो. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि ती तिथून रक्तात जाते. पंपाचा शोध लागण्याआधीच्या काळात डबक्याच्या पाण्यातही तग धरणारे हेच मासे जहाजावर टिकले. गोरामी आणि फायटर याच कुळातले. १८७० च्या दशकात कार्बोनिएकडे कलकत्त्याहून कोलिसा आले आणि त्यांचीही पिल्लं त्यानं काढली.

ती पैदास एकदा तरी बघावी अशी असते. नर तोंडानं हवेचे बुडबुडे लाळेत घोळवून पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो. बुटका गोरामी तर त्यात शेवाळाचे तुकडेही विणतो. मादीला कवेत घेऊन अंडी घालायला लावतो, निसटलेली तोंडानं उचलून परत फेसात ठेवतो, आणि मग त्याच मादीला हुसकावून लावतो. ती वेळेवर बाहेर काढली नाही तर तिचे पंख फाटलेच म्हणून समजा. पिल्लं दोन-तीन दिवसांत पोहू लागतात आणि इथेच बहुतेकांचा खेळ संपतो. त्यांची तोंडं एवढी बारीक असतात की बाजारातलं कुठलंच खाद्य आत जात नाही. त्यासाठी आधीच बाटलीत कोबीचं पान किंवा केळ्याची साल कुजवून सूक्ष्मजीवांचं पाणी तयार ठेवावं लागतं. घरच्यांचा विरोध सुरू होतो तो या बाटलीच्या वासापासून.

झेब्रा, रोझी बार्ब आणि बुटका गोरामी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत पोचले. तिथले शौकीन पाटीच्या दगडाच्या तळाखाली दिवा लावून पाणी कोमट ठेवत. पिढ्यान् पिढ्या तिथे पैदास झाली आणि आधी बोटीनं, मग दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून विमानानं हे मासे जगभर गेले. झेब्राची स्वारी तर प्रयोगशाळेतही शिरली. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगरनं १९८१ मध्ये त्याचे क्लोन प्रसिद्ध केले. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते, हे २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचल्यावर कळलं. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं आणि मामाकडे सुटीत गेलेली इंदूरची पोरं ते बघून परतताना टाकीचं वेड घेऊन आली. टाकी तेव्हा लोखंडी अँगलची, कडांना पुटीन, आणि ती गळायचीच. सिलिकॉन आलं तेव्हा कुठे लाद्या कोरड्या राहू लागल्या. मासे यायचे ते कोलकात्याहून नाहीतर मुंबईतून. चेन्नईचं कोळत्तूर हे पैदाशीचं मोठं केंद्र झालं. म्हणजे हॅमिल्टनच्या माशांची पिल्लं पुन्हा भारतातच वाढू लागली, पण 'विदेशी'चं लेबल उतरलं नाही.

इंदूरच्या टाक्यांची गोष्ट मात्र पाण्याची आहे. पूर्वी वाड्यात आड नि हौद, नळाला यशवंत सागर तलावाचं पाणी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सत्तरेक किलोमीटरवरून नर्मदेचं पाणी नळाला आलं, आणि 'नर्मदा आली का?' हा इंदुरी प्रश्न रूढ झाला. मीही नर्मदा आल्याबरोबर थेट नळीनं टाकी भरली होती. सकाळी अकराही मासे तरंगत होते. नदी पवित्र असली तरी नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उडून जावं म्हणून पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरं पाणी बोरिंगचं, माळव्याच्या काळ्या पाषाणातून आलेलं, जड. त्यात मोली, प्लॅटी, गप्पी मजेत वाढतात, पण निऑन टेट्राची अंडी उबत नाहीत, कारण त्यांना अ‍ॅमेझॉनसारखं मऊ पाणी लागतं. म्हणून इंदूरच्या गच्चीवर पैदास सुरू होते ती अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या या माशांपासून. त्यात जानेवारीच्या रात्री पाणी गारठलं की दोन दिवसांत अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. हीटर इथे चैन नव्हे.

गप्पीला तर दुकानाचीही गरज पडली नाही. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पीचं नाव मिरवणारा हा मासा डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९१० च्या आसपास भारतात आणला गेला. पुढे मलेरियाचे कर्मचारी तो हौदात सोडून जात. आमच्या आजीची पक्की समजूत होती की तो तोंड सारखं हलवतो, म्हणून त्याचं नाव गप्पी.

उलट दिशेचा प्रवासही सुरू झालाय. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा दीड फूट होतो. मग लोक दया येऊन तो तलावात सोडतात. २०२० मध्ये तो वाराणसीला गंगेत सापडला. आणि इकडे दुकानात सगळ्यात खालच्या टाकीत, 'मिक्स' म्हणून दहा-दहा रुपयांना, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले दोन-चार टिक्टो फिरत असतात. हॅमिल्टनच्याच ग्रंथातला मासा, नर्मदेच्या खोऱ्यातही सापडणारा. परवा मी ते मागितले तर दुकानदार जाळी उचलताना म्हणाला, "ये रहने दो भिया, ये तो देसी है."