डाव्या जवनिकेचे साहाय्यक यंत्र (एलव्हॅड)

हृदयविफलतेच्या शेवटच्या टप्प्यात, औषधे आणि पेसमेकरसारखे उपाय अपुरे पडल्यावर, छातीत बसवला जाणारा यांत्रिक पंप. रुग्णाचे हृदय जागेवरच राहते. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या, टोकाला छिद्र पाडून तेथे पंपाचे तोंड बसवतात. जवनिकेतले रक्त ओढून घेऊन पंप ते कृत्रिम नळीवाटे महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) सोडतो. त्याला वीज पुरवणारी केबल पोटाच्या त्वचेतून बाहेर येऊन अंगावर बाळगायच्या नियंत्रकाला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते.

१९६६ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डबेकी यांनी शरीराबाहेर ठेवलेला असा पंप शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वापरून रुग्णाला वाचवले. पुढचे पंप हृदयाच्या ठोक्याची नक्कल करत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, प्रत्यारोपण शक्य नसलेल्या रुग्णांपैकी पंप बसवलेले ५२ टक्के, तर केवळ औषधांवरचे २५ टक्के रुग्ण वर्षभर जगले. मात्र त्या पंपांचे हलते भाग लवकर झिजत. ही अडचण सुटली ती ठोक्याची नक्कल सोडून दिल्यावर. आजच्या हार्टमेट ३ या पंपात चुंबकीय बलाने तरंगणारे चक्र मिनिटाला हजारो फेरे घेत रक्ताचा अखंड प्रवाह ठेवते, आणि ते कशालाही टेकत नसल्याने घर्षणाने झिजत नाही. मोठ्या चाचणीत हा पंप बसवलेल्यांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ५८ टक्के आढळले. या आजाराची मूळ गती पाहता हा आकडा फार मोलाचा आहे.

अखंड प्रवाहामुळे अनेक रुग्णांची नाडी हाताला लागत नाही आणि रक्तदाब डॉप्लर यंत्राच्या (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने मोजावा लागतो. म्हणून असा रुग्ण बेशुद्ध आढळल्यास, नाडी नाही एवढ्यावरून तो मृत समजणे ही घोडचूक ठरेल. छातीला कान लावून पंपाची घरघर ऐकू येते का, हे आधी पाहावे.

पंपात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घ्यावे लागते. दुसरीकडे, वेगाने फिरणाऱ्या चक्रातून जाताना रक्त गोठण्यास मदत करणारे व्हॉन विलेब्रँड प्रथिन तुटते आणि आतड्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे औषधाची मात्रा सतत तपासत राहावी लागते. पंप केवळ डाव्या बाजूचा भार उचलत असल्याने उजवी जवनिका दुबळी असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय अवघड होतो.

हे यंत्र काही रुग्णांना प्रत्यारोपणासाठी हृदय मिळेपर्यंत आधार देते, काहींना कायमचे लागते, तर क्वचित हृदय सावरल्याने काढताही येते. भारतात त्याचा प्रचंड खर्च हाच मुख्य अडसर आहे. घरी परतल्यावर पोहणे वर्ज्य असते, बॅटऱ्या वेळेवर बदलाव्या लागतात आणि केबलच्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी तिचे निर्जंतुक ड्रेसिंग करावे लागते. ते घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच शिकवून ठेवतात.