थोमाची शंका

बारा प्रेषितांपैकी थोमा (कॅथलिक वापरात संत थॉमस) याने येशूच्या पुनरुत्थानाचा पुरावा मागितला, तो प्रसंग. योहानाच्या शुभवर्तमानात (२०:२४–२९) तो येतो. श्रद्धेला शंका चालते का आणि चालत असेल तर कुठवर, या जुन्या ख्रिस्ती वादात त्याचा दाखला हटकून दिला जातो.

येशू शिष्यांना पहिल्यांदा दिसला तेव्हा थोमा तिथे नव्हता. इतरांनी सांगितले तर त्याचे उत्तर रोखठोक होते : हातांतले खिळ्यांचे व्रण पाहीन, त्यांत बोट घालीन, कुशीत हात घालीन, तेव्हाच मानीन. आठ दिवसांनी, दारे बंद असताना, येशू पुन्हा आला आणि म्हणाला, घाल बोट. थोमाच्या तोंडून निघाले, ‘माझा प्रभू व माझा देव!’ गंमत अशी, की त्याने खरोखर बोट घातले की नाही, हे योहान सांगतच नाही. इटालियन चित्रकार काराव्हाज्योच्या चित्रात (सुमारे १६०१–०२) मात्र येशूने त्याचे मनगट धरले आहे, बोट जखमेत शिरले आहे, आठ्या पडलेली तीन कपाळे तिच्यावर वाकली आहेत आणि थोमाच्या अंगरख्याची खांद्यावरची शिवण उसवली आहे. लोकांच्या मनात वचनापेक्षा हे चित्रच बसले.

‘संशयी थोमा’ हे बिरुद तसे अन्यायाचेच. त्याच अध्यायात थोडे वर, येशूने इतरांना हात व कूस दाखवल्याचे लिहिले आहे. म्हणजे जे पाहायला थोमा अडून बसला, ते बाकीच्यांना न मागता मिळाले होते. लूकच्या वृत्तांतात तर स्त्रियांनी कबरीवरून आणलेली बातमी प्रेषितांना बाष्कळ बडबड वाटली. आणि येशू जिवावरचा धोका पत्करून यहूदीयाकडे निघाला, तेव्हा ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ म्हणणारा थोमाच होता. (केरळातले मार थोमा ख्रिस्ती आपली परंपरा त्याच्याकडे नेतात, तो इ.स. ५२ मध्ये तिथे उतरला, असे ते मानतात.)

भाष्यकारांनी त्याला बहुधा सांभाळूनच घेतले. प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीन म्हणतो, थोमाने पाहिला माणूस आणि कबूल केला न दिसणारा देव. पुरावा एका गोष्टीचा मिळाला, श्रद्धा बसली दुसरीवर. पोप पहिला ग्रेगरी याच्या मते इतरांच्या विश्वासापेक्षा थोमाचा अविश्वास आपल्या श्रद्धेला अधिक उपयोगी पडला.

अकराव्या शतकात धर्मचिंतक आन्सेल्मने ‘समजून घेऊ पाहणारी श्रद्धा’ असे सूत्र मांडले आणि देवाचे अस्तित्व निव्वळ तर्काने सिद्ध करायला घेतले : ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव, आणि असा देव नुसता मनात नव्हे, प्रत्यक्षातही असलाच पाहिजे. गौनिलो नावाच्या संन्याशाने ‘मूर्खाच्या बाजूने’ (म्हणजे ‘देव नाही’ म्हणणाऱ्या, स्तोत्रातल्या मूर्खाच्या) म्हणून ते खोडले : सर्वांत उत्तम बेट मनात आणले, म्हणून ते समुद्रात असेलच का? आन्सेल्मने उत्तर दिले, पण हा आक्षेपही आपल्या ग्रंथासोबतच नकलून घ्यावा, असे सांगितले. एवढा मोठेपणा वादात विरळाच. पुढे इंग्रज कॅथलिक धर्मचिंतक न्यूमनने १८६४ मध्ये ‘अडचण’ आणि ‘शंका’ वेगळ्या काढल्या. अडचणी दहा हजार असल्या तरी त्यांची मिळून एक शंका होत नाही, असे तो म्हणतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (१९९२) जाणूनबुजून धरलेली शंका आणि आपोआप येणारी शंका यांत फरक करतो. प्रत्यक्ष माणसाच्या मनात ही रेघ इतकी सरळ असते का, हा प्रश्न उरतोच.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–९५) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बनारसमध्ये वाढलेल्या या चित्पावन पंडिताने स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूरच्या, ख्रिस्ती बाजूने हिंदू धर्मावर टीका करणाऱ्या ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. शास्त्रावर आधी श्रद्धा हवी, तर्काने तिच्या मागून चालावे, अशी त्यात भूमिका होती. १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव धारण केले आणि ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांची तर्काने उलटतपासणी केली. शंकांनी मात्र त्यांची पाठ नंतरही सोडली नाही. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मत बुद्धीला पटले, त्यात गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचा वाटा होता. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धांतावरून त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी घातलेला वाद त्यांच्या पत्रांत वाचायला मिळतो.